इस्त्री केलेली पाकिटं

घडीमास्तरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती, कंबरच उठवायची. रात्रभर एकाच कुशीवर पडून राहिलं की साडेचारला कंबर सांगायची, आता पुरे. मग ते उठून बसायचे. पलंगाच्या दुसऱ्या बाजूची चादर काल घातली तशीच सपाट असणार हे त्यांना ठाऊक असायचं. तरी ते वळून बघायचे.

चहा एकच कप करायचे. भांडं मात्र दोन कपांचं, त्यामुळे चहा तळाला लागायचा. लहान भांडं घ्यावं असं मनात येऊन गेलं होतं, पण ते घेतलं नाही. लागलेला चहा प्यायची सवय केली.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला डुगडुगणारा कठडा. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. कपडे धुऊन आणि इस्त्री करून द्यायचं दुकान. शटर वर जायला दोन्ही हात आणि एक गुडघा लागायचा. आत गेल्यावर आधी बॉयलरमध्ये पाणी, मग बटण. वाफ धरेपर्यंत आदल्या दिवशी वाळलेले कपडे पाणी शिंपडून, गुंडाळून एका बाजूला रचायचे. कोरड्या सुती कपड्यावर इस्त्री फिरवणं म्हणजे नुसता हात दुखवणं.

शर्टाची आधी कॉलर, तीही उलट्या बाजूनं. मग खांदे, कफ, बाह्या, आणि पाठ सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की एक भाग सरळ होताना दुसरा चुरगळतो आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. एकदा करायचं काम दोनदा करणाऱ्याला मास्तर कामगार म्हणत नसत. त्यांनी घातलेली घडी बॅगेत लांबचा प्रवास करून आली तरी मोडायची नाही, म्हणून गल्लीनं त्यांना घडीमास्तर हे नाव दिलं होतं. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा एकही कपडा त्यांनी जाळला नव्हता. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत. सांगायला ते कुणाशी बोलतच नसत.

बोलायचं खातं बायकोकडे होतं. मास्तर आत टेबलाशी, पाठ रस्त्याकडे. ती बाहेर काउंटरवर, तोंड रस्त्याकडे. कपडे घेणं, पावती फाडणं, डाग कशाचा आहे ते विचारणं, आणि त्या निमित्तानं डाग पडला त्या दिवशी घरात काय झालं तेही काढून घेणं, हे सगळं तिचं. आतून मास्तरांना फक्त आवाज यायचे. तेवढं त्यांना पुरत होतं. घरात रेडिओ चालू असला की माणसाला एकटं वाटत नाही, तसं.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी पावती लिहिता लिहिता तिच्या हातातून पेन गळून पडलं. ते उचलायला ती वाकली ती वाकलीच. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा तिला तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोन माणसं लागली. पुढच्या तपासणीला उतरवायला तीन लागली, आणि कठडा मोडता मोडता राहिला. मग तिच्या धाकट्या बहिणीनं तिला आपल्या गावी नेलं. तिचं घर तळमजल्यावर, दारापर्यंत गाडी जाणारं. तात्पुरतं, असं सगळेच म्हणाले. तात्पुरतं म्हणता म्हणता दीड वर्ष झालं. दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर कपडे ठेवायचं आणि मास्तर न बोलता नंबरची चिठ्ठी द्यायचे.

दुकान बंद असायचं त्या वारी मास्तर बसनं तिला भेटायला जात. ती खिडकीशी बसलेली असायची. बोलणं एकेका शब्दावर आलं होतं, तोही थांबून थांबून. मास्तरांना पहिल्यापासूनच बोलायला जमत नव्हतं. दोघं बसायची. थोड्या वेळानं मास्तरांचे हात शिवशिवायला लागायचे आणि ते मेहुणीची इस्त्री मागून घ्यायचे.

"भाऊजी," मेहुणी एकदा म्हणाली, "तुम्ही ताईला भेटायला येता की माझ्या पडद्यांना?"

"पडदे चुरगळलेत," मास्तर म्हणाले.

"पडदे चुरगळलेलेच असतात. लोक आपले बाहेर बघतात."

परत येताना बसमध्ये ते एकाच गोष्टीचा विचार करत. त्यांच्या इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. न्हाणीघर आत, दाराला पायरी नाही. ती मिळाली की बायकोला घरी आणता येणार होतं. घरमालकाला अनामत रक्कम एकदम हवी होती. मास्तरांनी वर्षभर पहाटेचे कपडे वाढवून, दोन लहान हॉटेलांच्या चादरी अंगावर घेऊन ती रक्कम जमवत आणली होती. घरमालक म्हणाला होता, "मास्तर, तुमच्यासाठी दोन महिने थांबतो. पुढचं माझ्या हातात नाही."

आता दुकानाच्या कागदांचं सांगितलं पाहिजे.

साबण, डाग काढायचं औषध, हँगर, प्लास्टिकच्या पिशव्या, बॉयलरची दुरुस्ती, वीज. दुकान म्हटलं की बिलं आलीच, आणि वर्षाच्या शेवटी कर भरताना ती लागतात. हे खातंही बायकोकडेच होतं. तिची पद्धत साधी होती. आलेली पावती संध्याकाळी काउंटरच्या कोपऱ्यात जुन्या कोळशाच्या इस्त्रीखाली ठेवायची. ती इस्त्री कधीच विझलेली, नुसती लोखंडाचं ओझं म्हणून राहिलेली. रात्रभरात पावती सपाट झाली की सकाळी त्या महिन्याच्या पाकिटात. पाकिटं मागच्या भिंतीच्या फळीवर, बॉयलरपासून लांब. बॉयलरपासून लांब का, हे मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं.

ती गेल्यावर पावत्या मास्तरांच्या खिशात जायला लागल्या. खिशात घाम, रुमाल, सुटी नाणी. महिनाअखेर त्यांनी सगळा ऐवज टेबलावर ओतला तेव्हा त्या गोळ्यांकडे बघून त्यांच्या जिवाला बरं वाटेना. चुरगळलेली वस्तू समोर असताना गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. विझलेल्या इस्त्रीखाली रात्रभर ठेवून जे होतं ते तापलेल्या इस्त्रीनं दोन हातांत होईल, असा त्यांनी हिशेब केला. मात्र नाजूक वस्तूवर थेट इस्त्री ठेवायची नाही, मध्ये काहीतरी घालायचं, हा धंद्याचा नियम. म्हणून त्यांनी पावत्या हातानं सरळ केल्या, पाकिटात सरकवल्या, पाकीट डिंकानं बंद केलं, आणि मग पाकिटालाच इस्त्री केली. वाफ बंद ठेवून. वाफेनं डिंक सुटतो.

पाकीट असं झालं की बघत राहावं. कडा धारदार, पोट सपाट. वर त्यांनी महिन्याचं नाव आणि आधीच काढून ठेवलेली खर्चाची बेरीज लिहिली. पुढे दर महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी हाच कार्यक्रम. बारा महिन्यांची बारा पाकिटं फळीवर उभी राहिली तेव्हा ती नव्या शर्टांच्या रांगेसारखी दिसायला लागली. बायकोला एकदा दाखवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिचं काम आपण नेटानं सांभाळलं एवढं तिला कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी करकार्यालयातून त्यांना बोलावणं आलं. दरवर्षी काही दुकानं तपासणीला काढतात, त्यात यांचं निघालं. गेल्या वर्षाच्या खर्चाचे पुरावे घेऊन या, एवढंच म्हणणं होतं. मास्तरांना जराही भीती वाटली नाही. त्यांनी स्वतःचा पांढरा शर्ट काढला, त्याला स्वतः इस्त्री केली, बारा पाकिटं पिशवीत सरळ उभी भरली आणि पिशवी मांडीवर धरून बसनं गेले.

कार्यालयात एकमेकींना जखडलेल्या खुर्च्यांची रांग होती. नंबर आल्यावर ते एका टेबलासमोर जाऊन बसले. पलीकडे चष्मा दोरीला अडकवून गळ्यात घातलेल्या एक बाई होत्या. मास्तरांनी पाकिटं महिन्यांप्रमाणे मांडली.

"वा काका," बाई म्हणाल्या. "इतकी नीटनेटकी पाकिटं इथे कुणी आणत नाही. लोक माझ्या टेबलावर पिशवी उपडी करतात."

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंनी कात्रीनं पहिलं पाकीट कापलं, आतला गठ्ठा बाहेर काढला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काका, चुकून कार्बन पेपर आणलेत का?"

पावत्या काळ्या होत्या. वरच्या पूर्ण काळ्या, मधल्या काही करड्या. मास्तरांनी हात पुढे केला, एक पावती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बाईंनी दुसरं पाकीट कापलं, मग तिसरं. बिलबुकावर पेनानं लिहिलेली बिलं आणि विजेची बिलं तेवढी ठणठणीत होती. बाकी सगळीकडे अंधार.

"उन्हात ठेवली होती?"

"नाही."

"मग गॅसजवळ?"

"इस्त्री केली."

"कशाला?"

"चुरगळली होती," मास्तर म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचा माणूस पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसायला लागल्या, त्यात जेवढं हसायचं तेवढं त्यांनी उरकलं असावं.

"काका, ह्या पावतीवर शाई नसते. कागदालाच औषध लावलेलं असतं, आणि मशीन उष्णतेनं छापतं. जिथे गरम लागेल तिथे काळं. तुम्ही सगळाच कागद छापून टाकलात."

मास्तरांनी हातातली काळी पावती पुन्हा पाकिटात सरकवली. बत्तीस वर्षांत ज्या हातानं एक धागा करपला नाही त्या हातानं त्यांनी स्वतःचं अख्खं वर्ष करपवलं होतं. तेही काळजी घेऊन.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "ज्यांच्याकडून माल घेतला त्यांच्याकडे जा. पुन्हा प्रत काढून मागा. त्यावर त्यांचा शिक्का आणि सही घ्या. जे आणाल ते मी धरीन. जे येणार नाही ते खर्चात धरता येत नाही. मग तेवढा तुमचा नफा समजतात आणि त्यावर कर बसतो, वर दंड."

"किती?"

बाईंनी कागदावर एक अंदाज लिहून त्यांच्याकडे सरकवला. काहीच मिळालं नाही तर लागेल तो आकडा. मास्तरांनी तो वाचला. त्यात मागची खोली जवळजवळ पूर्ण जात होती.

ते उठले तेव्हा बाई पुन्हा म्हणाल्या, "आणि काका, यापुढे असली पावती हातात पडली की त्याच दिवशी झेरॉक्स काढायची. मूळ पावती तिला टाचून ठेवायची. ही जात इस्त्री न करताही दोन-तीन वर्षांत आपोआप फिकी पडते."

दुकानात परत आल्यावर मास्तरांनी बॉयलर लावला नाही. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसले. तिच्या स्टुलावर ते दीड वर्षांत पहिल्यांदा बसले होते. तिथून रस्ता दिसत होता. लोक जात-येत होते, त्यांतल्या निम्म्यांच्या शर्टांची मापं त्यांना माहीत होती आणि नाव एकाचंही माहीत नव्हतं. त्यांनी मेहुणीच्या घरी फोन लावला.

"भाऊजी? आज कसा काय फोन? सगळं ठीक ना?"

"हिला दे."

मेहुणीनं फोन बायकोच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू आला.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "अगं, बिलं काळी पडली. वर्षाची सगळी."

शब्द तिच्या तोंडात यायला वेळ लागायचा. आला तो एकच.

"इस्त्री?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केली?"

"केली," मास्तर म्हणाले.

आणि ती हसली. तिचं पूर्वीचं हसणं अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. हे तसं नव्हतं. एका बाजूनं येणारं, हवा सुटल्यासारखं, मध्येच घरघरणारं. पण ते थांबेना. मागून मेहुणी विचारत होती, "काय झालं गं ताई? भाऊजी, काय सांगितलंत तिला? दीड वर्षात हसली नव्हती हो ही." मास्तर फोन धरून बसले होते. खोली जायच्या वाटेवर होती आणि त्यांना वाटत होतं की ही अजून थोडा वेळ हसावी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचं काम पहाटेवर ढकललं. उठायची वेळ आणखी मागे गेली, पाय संध्याकाळी दगड व्हायला लागले, पण गिऱ्हाइकाला दिलेली वेळ एकदाही चुकली नाही. दुपारी शटर खाली ओढून ते निघायचे.

पहिला साबणवाला. त्याच्याकडून ते पहिल्यापासून माल घेत होते. मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. सांगायला लागले तेव्हा वाक्यं जुळेनात, मध्येच थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. साबणवाला हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता.

"दादा," तो म्हणाला, "तुमचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. मला वाटायचं वहिनींनी मुका नवरा केलाय."

"प्रत मिळेल का?"

"मिळेल की. वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे."

"बरी आहे म्हणजे काय? चालतात? बोलतात?"

मास्तरांना त्याचं उत्तर द्यावं लागलं. खिडकी, एकेक शब्द, जिना, तळमजल्याची खोली. साबणवाल्यानं मशीनमधून वर्षभराच्या प्रती काढल्या, शिक्के मारले, सह्या केल्या. प्रती पुन्हा त्याच औषध लावलेल्या कागदावर होत्या, आणि झेरॉक्स काढली तरी शिक्क्याची मूळ प्रतच दाखवायची होती. मास्तरांनी त्या दोन बोटांत धरल्या, तान्ह्या मुलाची दुपटी धरावीत तशा, आणि सावली-सावलीनं घरी आले. दुकानात ठेवायची हिंमत होईना, तिथे बॉयलर. वर घरी छपराचा ताप. शेवटी त्यांनी फ्रीज उघडला. आत अर्धा पाव, दुधाची पिशवी आणि तीन अंडी. मधला कप्पा पूर्ण रिकामा होता. त्यांनी पत्र्याच्या डब्यात पावत्या घालून डबा तिथे ठेवला. बऱ्याच दिवसांनी फ्रीज भरल्यासारखा दिसला.

मग पिशव्या आणि हँगर विकणारा. त्यानं नवं मशीन घेतलं होतं, जुन्या प्रती निघत नव्हत्या. पण विक्रीची नोंद होती, त्यावरून तो हातानं बिलं लिहून द्यायला बसला. मास्तर समोरच्या बाकावर बसले. गप्प बसणं बरं दिसेना. बायको इथे आली की काय बोलायची ते त्यांनी आठवून बघितलं. याच्या आईचे गुडघे. ती दर खेपेला या माणसाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि घरी येऊन मास्तरांना सांगायची.

"मावशींचे गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

दुकानदारानं लिहिणं थांबवलं.

"आई गेली, मास्तर. सहा महिने झाले."

"मी दर महिन्याला येतो इथे," मास्तर म्हणाले.

"येता ना. माल घेता, पैसे देता, जाता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "वहिनींना कळवलं होतं मी. फोनवर रडल्या. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

तिनं सांगितलं असेल. दर आठवड्याला ते तिच्यासमोर बसत होते. एखाद्या वेळी तिनं 'मावशी' म्हटलं असेल, आणि मास्तर तेव्हा पडद्याची झालर सरळ करत असतील. ते दुकानदाराचं लिहून होईपर्यंत बाकावर बसून राहिले. निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बराच वेळ ठेवला, कारण उचलायचा कधी हे त्यांना कळेना.

असं करत करत सगळीकडून झालं. राहिला बॉयलरवाला मिस्त्री. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च त्याचाच होता. बॉयलरची आतली नळी बदलली होती, दाबाचा काटा नवा बसवला होता. पैसे कार्डानं दिले होते आणि पावती त्याच काळ्या गठ्ठ्यात होती. मास्तर त्याच्या वर्कशॉपवर गेले. तिथे आता सायकलींचं दुकान होतं. घर शोधून काढलं, घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते मुलाकडे गेले, परदेशात. कायमचे. सामानसुद्धा विकलं." फोन नंबर तिच्याकडे नव्हता. जुना नंबर मास्तरांकडे होता, तो लागत नव्हता. ते पुन्हा दोनदा गेले. कुलूप उघडेल म्हणून नव्हे. करायचं ते पूर्ण केलं की नाही, एवढं स्वतःला सांगता यावं म्हणून.

करकार्यालयात ते गार डबा घेऊन गेले. बाईंनी झाकण उघडलं आणि हात झटकला.

"काका, बर्फात ठेवलीत की काय?"

"फ्रीजमध्ये. मधला कप्पा रिकामाच होता."

या वेळी बाई मोकळेपणी हसल्या, शेजारचा माणूसही. मास्तरांना त्यात वावगं वाटलं नाही. बाईंनी एकेक पावती तपासली, नोंद केली. सगळी मान्य झाली. मग बॉयलर.

"बँकेच्या खात्यातून रक्कम गेलेली दिसते," त्या म्हणाल्या, "पण कशासाठी गेली ते दिसत नाही. मिस्त्रीची सही हवी."

"तो परदेशी गेला."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे काका. पण माझ्या विश्वासाचा शिक्का नसतो."

मास्तरांनी वाद घातला नाही. बाईंनी जेवढं करण्याजोगं होतं तेवढं केलं होतं. ते बॉयलरच्या रकमेवरचा कर आणि दंड भरून बाहेर पडले. खोलीच्या रकमेला मोठं भोक पडलं होतं.

ते तसेच घरमालकाकडे गेले. राहिलेलं हप्त्यानं देईन म्हणाले. इतकं लांब वाक्य ते त्याच्याशी आजवर बोलले नव्हते.

"मास्तर, दोन महिने म्हटलं होतं, तीन होत आले," घरमालक म्हणाला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "चपलांच्या दुकानवाल्याला गोदाम हवं होतं. काल त्यानं पैसे दिले."

पुढच्या सुट्टीला ते मेहुणीकडे गेले. इस्त्री मागितली नाही. खुर्ची ओढून बायकोच्या डाव्या हाताशी बसले.

"खोली गेली," ते म्हणाले. "चपला ठेवणार तिथे."

ती खिडकीबाहेर बघत होती. मास्तर थांबले. मेहुणी चहा ठेवून गेली, चहा निवत आला, तरी थांबले.

"दुकान," ती म्हणाली.

"दुकान चालू आहे."

तिनं मान हलवली, चिडून. डाव्या हातानं त्यांची बाही ओढली. "दुकानात."

परत येताना ते बसमध्ये टक्क जागे होते. आल्या आल्या शटर उघडून त्यांनी मापपट्टी काढली. मागच्या कोपऱ्यात न नेलेल्या कपड्यांचा दांडा होता. धुवायला टाकून परत न आलेली माणसं, त्यांचे कोट, साड्या, एक लहान मुलीचा फ्रॉक. बायको ते टाकू द्यायची नाही, लोक येतील म्हणायची. मास्तरांनी तीन पहाटे खर्चून त्या सगळ्याला एकदा शेवटची इस्त्री केली आणि ते वृद्धाश्रमाला देऊन टाकलं. दांडा निघाला तेव्हा बरोबर एका खाटेची आणि एका खुर्चीची जागा मोकळी झाली. बॉयलर त्यांनी पुढे घेतला. नळी लांबवायचं काम स्वतः केलं. तिसऱ्या मजल्याचं घर सोडलं. त्याचं भाडं वाचलं, आणि दोन कपांचं भांडं खाली आलं.

दुकानात मागे एक लहानसं न्हाणीघर होतं. तिथे तिला धरून उठायला लोखंडी दांडा बसवायचा होता, त्यासाठी वेल्डर आला.

"दांडा कुठल्या बाजूला मारू, मास्तर?"

"डाव्या."

"लोक उजवीकडे मारतात."

"डाव्या," मास्तर म्हणाले.

ती आली त्या दिवशी गल्लीतली बरीच माणसं काउंटरपाशी येऊन गेली. ती लवकर थकली. आता ती दुपारपर्यंत झोपते, उठली की काउंटरशी बसते आणि बहुतेक वेळ गप्पच असते. आवाज येत नाहीत म्हणून मास्तरांनी टेबल फिरवून घेतलं आहे, तोंड रस्त्याकडे. गिऱ्हाईक आलं की डाग कशाचा ते आता त्यांनाच विचारावं लागतं. पावती आली की ते समोरून झेरॉक्स काढून आणतात, ती डाव्या हातानं दोन्ही कागद जुळवते, मास्तर टाचणी लावतात, आणि विझलेली इस्त्री दोघं मिळून उचलून त्यावर ठेवतात. खाट एकाचीच आहे. रात्री मास्तर इस्त्रीच्या टेबलावर अंथरूण घालतात. साडेचारला कंबर उठवते तेव्हा मध्ये घातलेल्या प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडे तिचा श्वास ऐकू येतो. तो ऐकून मग ते खाली उतरतात.

वर्षभर उभं राहून मिळवलेल्या पैशातून, कर आणि दंड भरून जे उरलं, त्यात एवढं आलं: प्लायवूडची एक भिंत, वर हवेला फट ठेवलेली, दुकानाच्या पायरीवर सिमेंटचा उतार, एक उंच पाठीची खुर्ची, आणि न्हाणीघरात चार बोल्टांनी बसवलेला लोखंडी दांडा, डाव्या हाताच्या उंचीवर. ती यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी लटकून, पाय उचलून, अंगाचा सगळा भार देऊन बघितला. हलला नाही. मग त्यांनी वेल्डरला पैसे दिले.